पैनगंगेपलीकडची स्वस्ताई



मागच्या जिल्हा बैठकीत चहाच्या वेळी एका भावाने मोठ्या अभिमानाने सांगितले, "आम्ही तर सारा बाजार आदिलाबादेतून आणतो. तिथं टॅक्स नाही लागत." त्यावर दुसरा म्हणाला, "इतक्या दूर कायले जाता? आमच्याइथं कृषी केंद्रवाला बिल न फाडता देते, टॅक्स आपोआप वाचते." ऐकणाऱ्या दहाबारा जणांनी माना डोलावल्या. आम्हीही त्यातलेच. पण घरी येताना एसटीत बसल्या बसल्या हिशेब मांडू लागलो आणि तो काही केल्या जुळेना. तो हिशेब या अंकात मांडतो. चुकला असेल तर पुढच्या बैठकीत कान पकडा.

आधी आमचीच जुनी फजिती सांगून टाकतो, म्हणजे आम्ही शहाणपणा शिकवतो आहोत असे कोणाला वाटायचे नाही. २००३ सालची गोष्ट. आम्हा चौघांना दोन ऑइल इंजिने घ्यायची होती. पैनगंगेच्या पलीकडे विक्रीकर कमी आहे, एका इंजिनामागे सहाशे रुपये सुटतात, अशी बातमी गावात आली होती. म्हणजे दोन इंजिनांचे बाराशे. जीप केली आठशेची. जाता-येता चौघांचे जेवण, चहा, पानतंबाखू मिळून दीडशेच्या वर गेले. राहिले सव्वादोनशेच्या आसपास, म्हणजे माणशी पंचावन्न-साठ रुपये आणि एक अख्खा दिवस. तरीही गावात शिरताना आम्ही मोठी लढाई जिंकल्यासारखे शिरलो. दिवाळीनंतर तुरीला पाणी देण्याच्या ऐन वेळी एक इंजिन बसले. इथला मेकॅनिक म्हणाला, जिथून आणले तिथे न्या. तिथला दुकानदार म्हणाला, कंपनीला कळवतो. पुन्हा जीप, पुन्हा जेवण, आणि इंजिन तिकडे पंधरा दिवस पडून. तुरीचे काय झाले ते विचारू नका. घरच्या लक्ष्मीने तेव्हा एवढेच विचारले, "बाराशे वाचले म्हणता, ते ठेवले कुठे?"

पण तेव्हा निदान जाण्यात काही अर्थ तरी होता. विक्रीकर हा राज्याचा कर. महाराष्ट्रात १९५९ चा मुंबई विक्रीकर कायदा होता, शेजारच्या राज्यांत त्यांचे त्यांचे कायदे. एकाच वस्तूवर नदीच्या या काठाला एक दर आणि त्या काठाला दुसरा. राज्येही एकमेकांचे गिऱ्हाईक ओढायला दर खाली आणत. ही ओढाताण इतकी वाढली की १ जानेवारी २००० पासून सगळ्या राज्यांनी मिळून किमान दर ठरवले, त्याच्या खाली कोणी जायचे नाही असे. मग १ एप्रिल २००५ पासून महाराष्ट्रात व्हॅट आला आणि १ जुलै २०१७ पासून जीएसटी. त्या दिवशी ही नदीपलीकडची भानगड जवळजवळ संपली. हे आपल्यापैकी पुष्कळांच्या अजून ध्यानात आलेले नाही.

जीएसटीचा दर देशभर एकच आहे. रासायनिक खतावर इथे ५ टक्के, तर आदिलाबादेत, बऱ्हाणपुरात, पांढुर्ण्यात, बिदरला, विजापूरलाही ५ टक्केच. फवारणीच्या रासायनिक औषधावर इथे १८, तिथेही १८. ट्रॅक्टर १२ टक्क्यांत होता, तो २२ सप्टेंबर २०२५ पासून ५ टक्क्यांत आला, तोही सगळीकडे एकाच दिवशी. सोन्यावर ३ टक्के, मग ते यवतमाळात घ्या की हैदराबादेत. लग्नाचा बस्ता बांधायला दहा माणसे गाडी करून परराज्यात जातात. तिथे माल जास्त पाहायला मिळतो, दुकाने मोठी आहेत, भाव पाडता येतो, हे खरे असेल. पाहुण्यांबरोबर हिंडणे होते, तेही खरे. पण कर वाचतो हे खरे नाही. लुगड्यावरचा ५ टक्के कर नदी ओलांडताना पाण्यात पडत नाही.

मग फरक राहिला कुठे? पेट्रोल आणि डिझेल जीएसटीच्या बाहेर ठेवले आहेत. त्यावर प्रत्येक राज्य आपापला व्हॅट लावते, म्हणून तिथे सीमेची गंमत अजून चालू आहे. खानदेशातल्या भावांना हे सांगायला नको. गुजरातेत पेट्रोलवरचा कर आपल्यापेक्षा बराच कमी, म्हणून नवापूरकडचा माणूस टाकी भरायला पलीकडे जातो. पण सगळ्या सीमा सारख्या नाहीत. २०२५ साली डिझेलवर महाराष्ट्रात २१ टक्के व्हॅट होता आणि तेलंगणात २७. म्हणजे पैनगंगेच्या काठी डिझेलसाठी पलीकडे जाणारा माणूस घरचे घालून कर भरून येतो! त्या बाजूला जायची सवय जुनी, इंजिने आणायच्या काळातली. दर उलटे झाले तरी पाय तिकडेच वळतात.

आणि जिथे खरोखर स्वस्त आहे तिथला हिशेबही एकदा करून पाहा. धरा, पेट्रोल पलीकडे लिटरमागे ८ रुपयांनी स्वस्त आहे. मोटारसायकलच्या टाकीत १० लिटर बसते. सुटले ८० रुपये. पंप तुमच्या घरापासून २० किलोमीटर असेल तर जाऊन-येऊन ४० किलोमीटर. गाडी लिटरला ५५ देते असे धरले तर पाऊण लिटरला थोडे कमी पेट्रोल गेले, म्हणजे सत्तर-पंचाहत्तर रुपये. उरले पाच-सात. त्यात आता चहासुद्धा येत नाही. ज्याचे शेतच सीमेला लागून आहे, किंवा जो दुसऱ्या कामाने तिकडे गेलाच आहे, त्याने जरूर टाकी भरावी. त्याला आम्ही काही म्हणत नाही. पण वीस किलोमीटरच्या आतल्या गावाने केवळ टाकी भरायला जाणे म्हणजे पेट्रोल जाळून पेट्रोल आणणे.

दुसरा प्रकार गाड्यांचा. परराज्यात मोटारसायकलचा रोड टॅक्स कमी म्हणून मेहुण्याच्या पत्त्यावर नोंदणी करून आणणारे काही जण आमच्या ओळखीचे आहेत. मोटार वाहन कायद्याच्या ४७ व्या कलमाप्रमाणे गाडी १२ महिन्यांपेक्षा जास्त काळ दुसऱ्या राज्यात राहिली की नव्याने नोंदणी करावी लागते, आणि इथला करही भरावा लागतो. तोवर प्रत्येक नाक्यावर परक्या नंबरची गाडी म्हणून हात दाखवला जातो. त्या हाताचा खर्च कोणी हिशेबात धरत नाही.

या सगळ्या हिशेबात आम्ही आतापर्यंत एक रक्कम मुद्दामच टाकली नाही. ती म्हणजे दिवस. कापसाचा उत्पादन खर्च काढताना घरच्या माणसांची मजुरी धरा, शेतकऱ्याच्या बायकोची मजुरी धरा, त्याच्या देखरेखीचे मोल धरा, यासाठी आपली चळवळ किती वर्षे भांडली? सरकारी कागदावर ते आकडे कमी दिसले की आपण संतापतो. आणि आपणच ८० रुपयांसाठी अर्धा दिवस घालवतो तेव्हा त्या अर्ध्या दिवसाचे मोल शून्य धरतो. महाराष्ट्रात २०२५-२६ साली रोजगार हमीचा दर ३१२ रुपये होता. तोच लावला तरी अर्ध्या दिवसाचे १५६ होतात. सरकार आपला घाम मोजत नाही म्हणायचे आणि आपणही तो मोजायचा नाही, हे काही जमत नाही.

आता त्या दुसऱ्या भावाकडे वळू. बिल न फाडणाऱ्या कृषी केंद्राकडे. हा प्रकार सीमेपेक्षा मोठा आहे, कारण तो प्रत्येक तालुक्याच्या गावात आहे. "बिल कायले पाह्यजे भाऊ, बिलावर घेतलं त टॅक्स लागते," हे वाक्य ऐकले नाही असा शेतकरी सापडणार नाही.

यात दुकानदार खरोखर किती सोडू शकतो ते पाहा. धरा, एक औषध कंपनीने दुकानदाराला ९०० रुपयांना दिले. त्यावर १८ टक्क्यांनी १६२ रुपये कर त्याने कंपनीला आधीच देऊन टाकला. तो त्यावर १०० रुपये नफा धरून १,००० ला विकतो, कर १८०, तुमच्या खिशातून गेले १,१८०. या १८० मधले १६२ तर त्याने आधीच भरलेले आहेत, ते तो वजा करून घेतो आणि सरकारला फक्त १८ रुपये भरतो. बिल फाडले नाही तर त्याचे वाचतात ते हे १८ रुपये. आपला नफा राखून तो तुम्हाला जास्तीत जास्त १,१६२ ला देऊ शकतो. म्हणजे बिलाशिवाय घेऊन तुम्ही मिळवले १८ रुपये, तेही त्याने सगळे तुम्हाला दिले तर.

मग तेच औषध कोणी ९०० ला, ८५० ला देत असेल तर? त्याची खरेदीच १,०६२ ची आहे. घरचे घालून तर तो देत नाही. तेव्हा एक तर तो माल त्या कंपनीचा नाही, किंवा मुदत संपलेला आहे, किंवा तुमच्या मालाचे बिल भलत्याच कोणाच्या नावाने फाडले गेले आहे. पहिल्या दोन प्रकारांत अळी मरत नाही. तुम्ही दुसरी फवारणी करता, तिसरी करता. तिथे १८ रुपयांचे अठराशे झाले.

बियाण्याची गोष्ट तर याहून मजेची. पेरणीच्या बियाण्यावर जीएसटी नाहीच! सरकी असो की ज्वारी, कर शून्य. बीजी-२ कपाशीच्या पाकिटाची कमाल किंमत केंद्र सरकार ठरवते. २०२५ च्या खरिपाला ती ९०१ रुपये होती. या ९०१ मध्ये वाचवायला कर नाही. तरीसुद्धा जूनमध्ये "बिलाशिवाय घ्या, टॅक्स वाचेल" म्हणून थैल्या विकणारा भेटतो आणि आपण खूश होऊन घेतो. जो कर नाहीच, तो वाचवल्याबद्दल आपण त्याचे आभार मानतो. त्या थैलीत काय आहे हे त्याला ठाऊक आणि वरच्याला. चोरबीटीचेही असेच. ते बियाणे उघडपणे मिळावे की नाही हा वेगळा वाद आहे, तो इथे काढत नाही. पण चोरून आणलेल्या थैलीवर नाव नाही, लॉट नंबर नाही, आणि उगवले नाही तर दार ठोठवायला दारच नाही.

२०१७ चा खरीप आठवा. गुलाबी बोंडअळीने बोंडेच्या बोंडे किडली. वेचायला गेलेल्या बायका कवडी फेकून परत आल्या. डिसेंबरात नागपूरच्या अधिवेशनात मदत जाहीर झाली. कोरडवाहू कापसाला हेक्टरी ३०,८०० रुपये, त्यातले १६,००० बियाणे कंपन्यांकडून. कंपनीकडून भरपाई मागायची तर कापूस बियाणे कायद्याखाली जी नमुन्यात तक्रार हवी, आणि तक्रारीबरोबर बिल, पाकीट, टॅग. गावोगाव माणसे कोनाडे आणि पत्र्याच्या पेट्या उपसत बसली. कोणाचे पाकीट होते तर बिल नाही, कोणाची चिठ्ठी होती तर तिच्यावर दुकानाचे नावसुद्धा नाही. कंपन्यांचा वाटा पुढे किती जणांच्या हाती पडला हे बैठकीत हात वर करायला सांगितले तर कळेलच. बिल असलेल्यांनाही तो सुखाने मिळाला असे नाही. पण ज्याच्याजवळ बिल नव्हते त्याला भांडायलाही उभे राहता आले नाही. एकरी दोन पाकिटांवर त्याने वाचवले होते किती? शून्य.

बिल देणे ही दुकानदाराची मेहरबानी नाही. खत नियंत्रण आदेश १९८५ चा आणि बियाणे नियंत्रण आदेश १९८३ चा, दोन्हींत गिऱ्हाइकाला बिल देणे बंधनकारक आहे. २०१२ साली सर्वोच्च न्यायालयानेही बियाणे विकत घेणारा शेतकरी हा कायद्याने ग्राहक आहे, तो ग्राहक न्यायालयात जाऊ शकतो, असा निकाल दिला. पण तिथे गेल्यावर पहिला प्रश्न येतो, खरेदीची पावती कुठे आहे? डीएपीच्या पोत्याबरोबर नको असलेली बाटली गळ्यात मारतात, तेही असेच. बिलावर ती बाटली लिहून घ्या, मग कृषी अधिकाऱ्यासमोर बोलता येते.

बरे, कर वाचवण्याच्या नादात आपण जी खरी मोठी गळती आहे तिच्याकडे पाहत नाही. ती आहे उधारीची. जूनमध्ये माल उचलायचा आणि कापूस विकल्यावर डिसेंबरात पैसे द्यायचे. रोखीत १,००० चा माल उधारीत १,१२० ला. सहा महिन्यांना १२ टक्के, म्हणजे वर्षाला २४. खतावरच्या ५ टक्क्यांसाठी आपण नदी ओलांडतो आणि हे २४ टक्के ओट्यावर बसून मान्य करतो. बँकेचे पीककर्ज ३ लाखांपर्यंत ७ टक्क्यांनी, वेळेवर फेडले तर ४ टक्क्यांनी, आणि आपल्या राज्यात पंजाबराव देशमुख यांच्या नावाच्या योजनेत तेही माफ. ज्याचे खाते थकले त्याला बँक दारात उभी करत नाही, हे आम्हाला ठाऊक आहे. त्याच्यापुढे दुसरा रस्ता नाही. पण ज्याला कर्ज मिळते, त्याने ते लग्नात घालून खताची उधारी करावी हे बरोबर नाही. खरी स्वस्ताई हवी तर ती रोखीत आहे, आणि वीस जणांनी मिळून एकदम माल उचलण्यात आहे. पोत्यामागे पंधरा-वीस रुपये दुकानदार तिथल्या तिथे सोडतो, आणि पक्क्या बिलावर सोडतो.

तर मग कराचा प्रश्नच नाही काय? आहे. पण तो वेगळ्या जागी आहे. कोरडवाहू कपाशीच्या एका एकराला खत ३,००० चे आणि औषध २,५०० चे लागले असे धरा. खताच्या किमतीत १४३ रुपये कर आहे, औषधाच्या किमतीत ३८१. एकरी ५२४, पाच एकराला २,६२० रुपये. कारखानदार कच्च्या मालावर भरलेला कर विक्रीच्या करातून वजा करून घेतो. दुकानदारही घेतो, ते वर पाहिले. शेतकऱ्याला मात्र वजा करायला जागा नाही. त्याने विकलेल्या कापसावरचा ५ टक्के कर खरेदी करणारा नोंदणीकृत व्यापारी परस्पर भरतो आणि पुढे वजाही करून घेतो. शेतकऱ्याने खतावर, औषधावर भरलेले २,६२० रुपये त्याच्याच बोकांडी राहतात. ते नदी ओलांडून सुटत नाहीत आणि चिठ्ठीवर घेऊनही सुटत नाहीत. २०१७ साली खतावर आधी १२ टक्के ठरले होते, ओरड झाली तेव्हा जीएसटी लागू होण्याच्या आदल्या दिवशी ते ५ वर आणले. सप्टेंबर २०२५ मध्ये ट्रॅक्टर, टायर, ठिबक, तुषार ५ टक्क्यांवर आले. रासायनिक औषध १८ वरच ठेवले. कोरडवाहू माणूस ठिबक घेत नाही, तो औषध घेतो. मागायचे ते हे आहे.

आणि हे २,६२० आणखी एका बाजूने पाहा. पाच एकरांत २५ क्विंटल कापूस झाला तर क्विंटलमागे १०५ रुपये होतात. २०२५-२६ ला लांब धाग्याचा हमीभाव ८,११० होता. गावातल्या खेडा खरेदीत कटतीच्या आणि ओलाव्याच्या नावाने क्विंटलमागे १०५ पेक्षा जास्त कोणाचे गेले नाहीत, त्याने हात वर करावा. सीसीआय ८ टक्के ओलाव्याला पूर्ण भाव देते आणि १२ पर्यंत कपात करून घेते. दोन दिवस ऊन दाखवले तर वर्षभराच्या कराची भरपाई अंगणात होते.

सीमा ओलांडण्यात काही वाईट आहे असे आम्ही म्हणत नाही. एकाधिकार खरेदीच्या काळात, १९७२ पासून २००२ पर्यंत, महाराष्ट्राचा कापूस बाहेर न्यायला बंदी होती. तेव्हा रात्रीबेरात्री बैलगाड्या मध्य प्रदेशात, आंध्रात गेल्याच. त्यात जोखीम होती, पण पलीकडे भाव चांगला असला की गाडीभर मालावर चार पैसे दिसतील एवढा फरक पडे. विकायला सीमा ओलांडणे आणि दोन बाटल्या विकत घ्यायला सीमा ओलांडणे यात हा फरक आहे. दुसरीकडून माल आणून कर वाचवणे ज्यांना खरोखर परवडते ते लोक वेगळे. कापसाच्या आयातीवर ११ टक्के शुल्क होते. १९ ऑगस्ट ते ३१ डिसेंबर २०२५ या काळात, म्हणजे आपला कापूस बाजारात येण्याच्या ऐन मोसमात, ते माफ झाले. गिरण्यांनी जहाजांनी गाठी आणल्या. त्यांना जीप करावी लागली नाही की दिवस मोडावा लागला नाही.

पुढच्या बैठकीला येताना प्रत्येकाने गेल्या खरिपाची जेवढी बिले घरात सापडतील तेवढी घेऊन यावे, आणि ज्यांच्याजवळ नुसत्या चिठ्ठ्या आहेत त्यांनी चिठ्ठ्या आणाव्यात. तालुकावार बसून एकरी किती कर गेला आणि उधारीत किती गेले हे वहीत मांडायचे आहे. मायबहिणींनी जरूर यावे. पत्र्याच्या पेटीत कागद कुठे ठेवला आहे हे बहुतेक घरांत त्यांनाच ठाऊक असते.